टीममध्ये एआय आणायचं काम तुमच्याकडे आलंय? आधी क्रम नीट लावा

"एआयचं तेवढं तू बघ ना." टेक्नॉलॉजीत टीम सांभाळणाऱ्या बाईच्या कानावर हे वाक्य हल्ली वरचेवर पडतं. ती हो म्हणते, कामाला लागते. तीन महिन्यांनी चित्र असं दिसतं: टूलचे पैसे भरून झालेत, निम्म्या टीमने ते उघडलेलं नाही, नेमका फायदा किती झाला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि वरिष्ठांसमोर त्याचं सादरीकरण भलताच कोणीतरी करतोय.

हे मी स्वतः भोगलंय आणि नंतर अनेकींच्या बाबतीत पाहिलंय. दरवेळी क्रम उलटा लागलेला असतो: टूल आधी, काम नंतर, मेहनत आधी, अधिकार नंतर. खालचे टप्पे पाच-सहा ते पंचवीस-तीस माणसांच्या टीमसाठी आहेत. पहिले पाच टप्पे संपेपर्यंत कुठल्याही टूलचं वर्षाचं वर्गणीपत्र सही करू नका.

## टप्पा १: हो म्हणण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या

अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ सालचा एक अभ्यास आहे. कोणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही अशा कामासाठी गटातून कोण पुढे येतं, हे त्यांनी प्रयोगात तपासलं. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात स्त्रिया पुरुषांपेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. गटात फक्त स्त्रिया किंवा फक्त पुरुष असले, की हा फरक उरलाच नाही. म्हणजे "ती करेल" ही अपेक्षा सगळ्यांच्याच मनात असते, तिच्या स्वतःच्याही.

एआयचं काम या खड्ड्यात फार पटकन पडतं. म्हणून या चार गोष्टी आधी ठरवा:

- टूल निवडण्याचा आणि पायलट (म्हणजे छोट्या प्रमाणावर करून बघणं) थांबवण्याचा अधिकार कोणाचा
- खर्चाची मर्यादा किती, आणि त्या मर्यादेत तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही
- हे काम घेतल्यावर तुमच्याकडचं कुठलं काम दुसऱ्याकडे जाणार
- शेवटचं सादरीकरण कोण करणार, आणि हे काम वार्षिक मूल्यमापनात कुठे धरलं जाणार

बोलणं झालं त्याच दिवशी मेल पाठवा. मोठा नको, एवढा पुरतो:

"आज ठरल्याप्रमाणे तक्रार विभागातल्या एआय पायलटची जबाबदारी मी घेत आहे. टूलची निवड आणि पायलट थांबवण्याचा निर्णय माझा राहील. पुढचे दहा आठवडे साप्ताहिक अहवालाचं काम माझ्याकडे नसेल. अंतिम निष्कर्ष मी स्वतः मांडेन. यात काही बदल हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे."

"लिहायची काय गरज, आपलंच तर काम आहे," असं म्हटलं जाईल. तेव्हा वाद घालू नका. "माझ्याच नोंदीसाठी पाठवलं," म्हणा आणि मेल तसाच राहू द्या.

सावधान: तुमच्या नावापुढे "समन्वयक" एवढंच लिहिलं असेल तर ते आत्ताच बदलून घ्या. समन्वयकाला मीटिंग लावायला आणि मिनिट्स लिहायला सांगतात, निर्णय दुसऱ्या खोलीत होतात. चारही गोष्टी मिळत नसतील तर दोन सोडू नका: थांबवण्याचा अधिकार आणि शेवटचं सादरीकरण.

## टप्पा २: एकच काम निवडा

"आपण एआय कुठे कुठे वापरू शकतो?" असं टीमला विचारलंत तर चाळीस कल्पना येतील आणि एकही पुढे सरकणार नाही. प्रश्न असा विचारा: "कुठलं काम तुम्ही शेवटपर्यंत टाळता?" मग आलेल्या उत्तरांतून ते काम निवडा जे रोज होतं, ज्याचं उत्तर बरोबर आहे की चूक हे टीममधली जाणती व्यक्ती दोन-तीन मिनिटांत सांगू शकते, आणि चूक झाली तर ती बाहेर जाण्याआधी पकडता येते.

नोकरभरती, बढती, कर्जमंजुरी, आरोग्याचे निर्णय यांनी सुरुवात करू नका. माणसाच्या आयुष्यावर थेट परिणाम करणारी ही कामं आहेत. युरोपीय संघाच्या एआय कायद्यात उमेदवार निवडण्यासाठीच्या प्रणाली उच्च जोखमीच्या गटात टाकल्या आहेत, त्यामागचं कारण हेच.

पुढच्या टप्प्यांसाठी मी माझंच एक उदाहरण घेते. ग्राहकांच्या तक्रारींचे मेल वाचायचे, सहा प्रकारांत लावायचे, आणि पहिल्या उत्तराचा कच्चा मसुदा तयार करायचा. बस, एवढंच काम.

तपासा: काम एका वाक्यात सांगता येतंय का? वाक्यात दोनदा "आणि शिवाय" आलं तर ते एकच काम नाही.

## टप्पा ३: आजचा वेळ आणि आजच्या चुका मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि शेवटी सगळं इथेच अडतं.

२०२५ साली मेटर (METR) या एआय संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्या नेहमीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे वेळ २४ टक्के वाचेल असं त्यांना आधी वाटत होतं. काम संपल्यावरही २० टक्के वाचला असंच ते म्हणाले. घड्याळाने सांगितलं ते वेगळं: एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता. हा निष्कर्ष प्रत्येक कामाला लागू होत नाही. पण एक गोष्ट त्यातून पक्की घ्या: "बराच वेळ वाचला बुवा" या वाक्यावर बजेट मागायचं नाही.

म्हणून टूल येण्याआधी दोन आठवडे आहे त्याच पद्धतीने काम चालू ठेवा आणि नोंद करा. एक साधी शीट पुरते. रकाने हे ठेवा: मेल उघडल्याची वेळ, उत्तर गेल्याची वेळ, कुठल्या प्रकारात लावला, प्रकार नंतर बदलावा लागला का, ग्राहकाने त्याच कारणासाठी परत लिहिलं का. शंभर-सव्वाशे नोंदी झाल्या की थांबा. सरासरीबरोबर मध्यकही (सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, कारण दीड तास खाणारे दोन-तीन मेल सरासरी पार बिघडवतात.

पायलटमध्येही अगदी हेच रकाने वापरायचे आहेत. मसुदा तयार व्हायला लागलेले दहा सेकंद मोजू नका. मेल उघडल्यापासून तपासलेलं, दुरुस्त केलेलं उत्तर बाहेर जाईपर्यंतचा सगळा वेळ मोजा. तपासणीचा वेळ वगळून काढलेले आकडे फार देखणे दिसतात आणि पहिल्याच प्रश्नाला कोसळतात.

सावधान: शीटमध्ये काम करणाऱ्यांची नावं घालू नका. एकदा का ही शीट माणसांना तोलायला वापरली जातेय असं वाटलं, की नोंदी खोट्या होतात. टीमला आधीच सांगा, आणि दिलेला शब्द पाळा.

## टप्पा ४: डेटाची सीमा एका पानात लिहा

आधी एक प्रामाणिक प्रश्न विचारा: "आत्ता कोण कोण स्वतःच्या खात्यावरून एआय वापरतंय?" विचारताना आवाजात धाक नको. माझ्या अनुभवात मुलं हे चटकन सांगून टाकतात, मुली लपवतात. "फसवणूक केली" असं कोणी म्हणेल याची त्यांना भीती असते. जे वापरलं जातंय ते आधी उजेडात यायला हवं, नाहीतर तुमचे नियम कागदावर राहतील आणि खरा डेटा बाहेर जात राहील.

मग एका पानावर तीन याद्या करा. चालेल: सार्वजनिक माहिती, उत्तरांचे नमुने, कंपनीचं छापील धोरण. चालणार नाही: पासवर्ड, ग्राहकाचा फोन आणि पत्ता, पैशांचे व्यवहार, सहकाऱ्यांचे मूल्यमापन, न प्रसिद्ध झालेला कोड. विचारून: बाकी सगळं, आणि कोणाला विचारायचं त्या व्यक्तीचं नाव. दुसरं पान लागलं तर कोणी वाचणार नाही.

टूल पुरवणाऱ्याकडून पाच उत्तरं लेखी मागा. आम्ही दिलेला मजकूर तुमचं मॉडेल (टूलच्या मागे चालणारं एआय) शिकवायला वापरला जातो का? तो किती दिवस साठवला जातो? कुठे साठवला जातो? तुमच्याकडचं कोण तो पाहू शकतं? करार संपल्यावर तो पुसल्याचा दाखला मिळेल का? "आमच्याकडे सुरक्षितता सर्वोच्च आहे" हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

सावधान: नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि तक्रारीचा मजकूर एकत्र आले की माणूस सापडतो. तेही बदला.

## टप्पा ५: टूलच्या आधी प्रश्नपत्रिका तयार करा

विक्रेत्याचं प्रात्यक्षिक नेहमी छान होतं, कारण प्रश्न त्यानेच निवडलेले असतात. प्रश्नपत्रिका तुम्ही काढा.

जुन्या मेलमधून साठ ते शंभर निवडा. ओळख पुसा. प्रत्येकाचं बरोबर उत्तर काय, हे टीममधल्या दोघींनी एकमेकींना न विचारता लिहावं. जिथे दोघींची उत्तरं जुळत नाहीत तिथे तुमचा नियमच धूसर आहे. तो आधी नीट करा. जे तुम्हालाच ठरलेलं नाही ते यंत्राकडून कसं ठरणार?

निवडताना सोपे मेल निम्म्याहून जास्त नकोत. दोन भाषा मिसळलेले, शुद्धलेखन बिघडलेले, एकाच मेलमध्ये तीन तक्रारी असलेले, खूप रागावलेले आणि खूप नम्र असे सगळे घ्या. नम्र मुद्दाम सांगतेय. आमच्या चाचणीत एक मेल होता: "तुम्हाला त्रास देतेय, माफ करा. याबाबत आधीही लिहिलं होतं. जमल्यास बघाल का?" बाईंचे पैसे दोनदा कापले गेले होते आणि हा त्यांचा तिसरा मेल होता. टूलने तो "साधी चौकशी" मध्ये टाकला. त्याच तक्रारीचा, चढ्या आवाजातला दुसरा मेल मात्र "तातडीचा" ठरला. टूलने आवाज मोजला होता, नुकसान मोजलंच नव्हतं. हे पकडलं ते तक्रार विभागात अकरा वर्षं काढलेल्या आमच्या एका ताईंनी. तांत्रिक टीमला दोन्ही उत्तरं बरोबरच वाटली होती. चाचणीच्या टेबलावर अशी व्यक्ती हवीच.

नंतर भेदभावाची तपासणी. तोच मेल घ्या, फक्त लिहिणाऱ्याचं नाव बदला: बाईचं, पुरुषाचं, वेगवेगळ्या समाजातलं. प्रकार किंवा मसुद्याचा सूर बदलतो का ते बघा. एकूण अचूकतेच्या आकड्यावर विसंबू नका. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के होत्या, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एकच सरासरी आकडा पाहिला असता तर हे झाकलंच गेलं असतं. म्हणून निकाल गटागटाने वेगळा काढा.

यंत्र हे शिकतं कुठून, तर आपल्याच जुन्या निर्णयांतून. अ‍ॅमेझॉनने उमेदवारांचे अर्ज जोखणारी एक प्रायोगिक प्रणाली बनवली होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकवायला वापरले, आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. मग "स्त्रियांचा" हा शब्द असलेल्या अर्जांना ती खाली ढकलू लागली. कंपनीने तो प्रकल्प बंद केला. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. तुमच्याकडच्या जुन्या नोंदींतही असं काही दडलेलं असेल, असंच गृहीत धरून शोधा.

तपासा: तीच प्रश्नपत्रिका तीन वेळा, वेगवेगळ्या दिवशी चालवा. तेच मेल वेगवेगळ्या प्रकारांत पडत असतील तर टूल अजून कामाला लावू नका. किती चुका चालतील हा आकडा निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलेला आकडा नेहमी सोयीचाच निघतो.

## टप्पा ६: पायलटसाठी माणसं निवडा

हौशी मंडळी आपोआप येतात. त्यांच्याबरोबर एक शंकेखोर आणि एक कामात जुनी अशी व्यक्ती घ्या. पाच-सहा जणांत निम्म्या बायका असतील याची काळजी घ्या, आणि त्यांना नोंदी ठेवायला बसवू नका. नोंदींचं काम आळीपाळीने, आठवड्याला एकाकडे.

शिकायचा वेळ कामाच्या तासांतच द्या. "घरी जाऊन जरा हात फिरवून बघा" म्हटलं की ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे त्या मागे पडतात, आणि मग "बायकांना यात रस नाही" हा निष्कर्ष कोणीतरी काढतंच. आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वेळी, दोघादोघांच्या जोडीने.

नोकरीचा प्रश्न येणारच. "काही होणार नाही" असं म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. जे हातात आहे ते सांगा: या पायलटच्या आकड्यांवरून कोणाचं मूल्यमापन होणार नाही, आणि तसं मी लेखी घेतलंय. घेतलं नसेल तर टप्पा १ वर परत जा.

## टप्पा ७: चार आठवडे चालवा, चुकांची वही ठेवा

पहिला आठवडा: टूल मसुदा करतं, पण उत्तर माणूस स्वतःचंच पाठवतो, आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून बघतो. दुसऱ्या आठवड्यापासून मसुदा दुरुस्त करून पाठवायचा. तपासल्याशिवाय एकही मेल बाहेर जात नाही, चौथ्या आठवड्यातही नाही.

चुकांच्या वहीत चार गोष्टी: काय विचारलं, टूलने काय दिलं, बरोबर काय होतं, आणि कोणी पाहिलं नसतं तर काय झालं असतं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्वल्पविराम चुकणं आणि नसलेली परतफेड कबूल करणं या दोन चुका एका मापाने मोजू नका. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाड्यातल्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. त्या माहितीची जबाबदारी कंपनीचीच, असा निर्णय कॅनडातल्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. "ते चॅटबॉटने सांगितलं" हा बचाव तिथे टिकला नाही. तुमच्या मेलखालीही सही तुमच्या टीमचीच असेल.

तिसऱ्या आठवड्याकडे डोळ्यात तेल घालून बघा. तोवर टूल बऱ्यापैकी बरोबर येतंय असं वाटू लागतं आणि तपासणारे वरवर वाचायला लागतात. त्या आठवड्यात मी मुद्दाम पाच चुकीचे मसुदे मिसळते (टीमला असं होणार हे आधी सांगून). किती पकडले गेले ते वहीत जातं. पाचपैकी तीनच सापडले तर दोष माणसांना देऊ नका; रोजचे मेल कमी करा किंवा जोखमीचे प्रकार टूलकडून काढून घ्या.

सावधान: पायलटच्या मध्यावर टूल, मॉडेल किंवा प्रॉम्प्ट (टूलला लिहून दिलेली सूचना) बदललात तर घड्याळ शून्यावर. आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करू नका.

## टप्पा ८: निर्णय घ्या आणि तो स्वतः मांडा

तीनच निर्णय असतात: वाढवायचं, बदलून आणखी चार आठवडे, किंवा थांबवायचं. थांबवण्याला अपयश समजू नका. चार आठवड्यांत थांबवून वर्षाचा खर्च वाचवणं हे नेतृत्वाचंच काम आहे, आणि ते तसंच मांडा.

सादरीकरण दोन पानांचं. पहिल्या पानावर टप्पा ३ आणि टप्पा ७ चे आकडे शेजारी-शेजारी, गंभीर चुका किती, खर्च किती (तपासणीचे तास धरून). दुसऱ्यावर तुमची शिफारस आणि तिच्या अटी. भाषेकडे लक्ष द्या. "टीमने खूप छान काम केलं" हे जरूर म्हणा, पण निर्णयांच्या जागी "मी" वापरा: "हा प्रकार मी पायलटमधून काढला, कारण…" इथे "आम्ही" म्हणत राहिलात की ऐकणाऱ्याला निर्णय कोणाचा ते कळत नाही, आणि मग तो सगळ्यात मोठ्या आवाजाच्या नावावर जमा होतो. ताईंनी पकडलेली चूक सांगताना मात्र ताईंचं नाव घ्या.

तुमच्या मुद्द्यावर कोणी मध्येच बोलू लागलं तर आकड्यावर परत या: "पान एक, तिसरी ओळ. ते पूर्ण करते, मग तुमचा प्रश्न घेते."

तपासा: मीटिंगच्या आदल्या दिवशी दोन पानं स्वतःच्या मेलवरून सगळ्यांना गेली आहेत ना? वरिष्ठांमार्फत नाही, थेट.

## टप्पा ९: चालू ठेवायचं ठरलं तर

पुरवठादार टूलमागचं मॉडेल बदलत राहतात, बरेचदा तुम्हाला ठळकपणे न सांगता. म्हणून टप्पा ५ ची प्रश्नपत्रिका दर महिन्याला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा. दर तीन महिन्यांनी तिच्यात दहा नवे मेल घाला. नव्या प्रकारच्या तक्रारी जुन्या पेपरात नसतात. ही प्रश्नपत्रिका कधीही पुरवठादाराला देऊ नका. महिन्यातून एक दिवस टूल न वापरता काम करा, नाहीतर ते बंद पडलं त्या दिवशी हाताने मेल लावणं कोणालाच आठवणार नाही.

काम पसरलं की तुम्ही पुढच्या जबाबदारीवर जाल आणि हे दुसऱ्या कोणाकडे, बहुधा दुसऱ्या एखाद्या बाईकडे जाईल. ताबा देताना प्रश्नपत्रिका, चुकांची वही, डेटाचं पान आणि पुरवठादाराची पाच लेखी उत्तरं एका फोल्डरमध्ये द्या. सगळ्यात वर टप्पा १ चा मेल ठेवा, नव्या नावाने पुन्हा लिहिलेला, आणि तिने हो म्हणण्याआधी त्यावर वरिष्ठांचा होकार घेऊन द्या.